पेडलचा खेळ

"आण्णा, पेडल पायाखालनं पळतंय."

गेल्या पावसाळ्यात आमचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हे मला तीनदा म्हणाला. पहिल्या दोन्ही वेळा मी त्याला बुटाचा चिखल पुसून बसायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मागच्या ब्लोअरचं, म्हणजे फवारणी यंत्राचं, चाक द्राक्षाच्या मांडवाच्या कडेच्या अँगलला घासलं, अँगल वाकला, वरची तार सैल झाली, आणि मग मी स्वतः सीटवर जाऊन बसलो.

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. ओळी ९ फुटांवर. अशा बागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून २४ अश्वशक्तीचा मिनी घेतला, त्याला आता आठ वर्षं झाली. मागे ६०० लिटरचा ब्लोअर. टाकी भरली की मागून सहाशे किलोचं ओझं रेटत असतं. बागेच्या खालच्या तोंडाला रस्ता आहे, तिथे ट्रॅक्टर ऐसपैस वळतो. वरच्या तोंडाला बांध, आणि बांधापलीकडे ओढा. तिथे मोकळी जागा जेमतेम १२ फूट. वळताना ब्रेकची जोडपट्टी, म्हणजे दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र जोडणारी पट्टी, काढायची, एकट्या उजव्या ब्रेकवर पाय दाबायचा आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवायचा. आम्ही नेहमी डाव्या कडेच्या ओळीपासून सुरुवात करतो, त्यामुळे वरच्या तोंडाला कायम उजवीकडेच वळावं लागतं. एका फवारणीत अशी चोवीस वळणं. हंगामात पन्नास-साठ फवारण्या धरल्या तर एकटं उजवं पेडल हजार-दीड हजार वेळा दाबलं जातं. हा हिशोब मी तेव्हा केलाच नव्हता.

सीटवर बसून आधी क्लच दाबला. पेडल खाली जाताना डावीकडे कललं आणि फूटबोर्डाच्या पत्र्याला घासून 'खर्र' वाजलं. मग उजवा ब्रेक. तो दाबायच्या आधीच पायाखाली बोटभर इकडेतिकडे हलत होता. डावा ब्रेक त्यातल्या त्यात बरा, पण त्यालाही आधी रिकामी चाल होती, मग एक हिसका, मग पकड.

खाली उतरून प्रत्येक पेडल हातात धरून हलवलं. पेडल दोन तऱ्हांनी सैल होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमजलं. एक पुढेमागे, म्हणजे दाबल्यावर रॉड हलायला लागेपर्यंतची रिकामी चाल. दुसरा डावीकडे-उजवीकडे. पुढच्यामागच्या चालीला रॉडवरचा नट असतो, तो फिरवला की चाल कमीजास्त होते. आडव्या हलण्याला कुठलाच नट नाही. पेडल ज्या शाफ्टवर फिरतं तो शाफ्ट आणि त्यावरचं बुश (पेडलच्या भोकात बसणारी नळी) झिजलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मी काय करत होतो? दोन वर्षं रॉडचा नट आवळत होतो. पेडल सैल वाटलं की चेकनट सोडायचा, रॉड दोन आटे फिरवायचा, परत आवळायचा. चार दिवस पेडल ताठ वाटायचं. घरात बसून मी अभिमानाने सांगायचो की मेस्त्रीला पाचशे रुपये द्यायची वेळ आली नाही.

आबांनी एकदा लांबूनच बघून म्हटलं होतं, "गाडीचा आस झिजला की चाक लडबडतंय. तिथं पिन ठोकून काय हुतंय?" आबांनी उभी हयात बैलगाडी हाकली, ट्रॅक्टरचं त्यांना काय कळणार, असा मी मनात विचार केला होता.

आमच्या मॉडेलला तिन्ही पेडलं एकाच आडव्या शाफ्टवर आहेत. शाफ्ट गिअरबॉक्सच्या खालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. डाव्या टोकाला क्लचचं पेडल, ते शाफ्टवर मोकळं फिरतं. उजवीकडे दोन ब्रेक. त्यातलं उजव्या चाकाचं पेडल मोकळं, आणि डाव्या चाकाचं पेडल रोल पिनने, म्हणजे पोकळ पिनने, शाफ्टला जखडलेलं. ते दाबलं की अख्खा शाफ्ट फिरतो आणि पलीकडच्या टोकाचा लिव्हर डाव्या ब्रेकचा रॉड ओढतो. म्हणजे एक शाफ्ट झिजला की तिन्ही पेडलं नाचणार, आणि दुरुस्ती करायची तर तिन्ही उतरवावीच लागणार.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरली होती. हातात दहा दिवस. छाटणी झाल्यावर ट्रॅक्टर एक दिवसही उभा ठेवता येत नाही. पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट बाहेर पडताना, पाऊस लागला तर डाऊनी हा बुरशीचा रोग कुणासाठी थांबत नाही, मग दिवसाआड, कधी रोज फवारावं लागतं. पार्टच्या दुकानात विचारलं तर शाफ्ट आणि पेडल सुटे मिळत नाहीत, पूर्ण सेट मागवावा लागेल, पंधरा दिवस धरा, असं उत्तर मिळालं. पंधरा दिवस मला परवडणारे नव्हते.

पुतण्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी तो व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन आला, आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

ट्रॅक्टर सपाट जागी घेतला, ब्लोअर सोडला, चारी चाकांना दगडाच्या उटी लावल्या. ब्रेक उतरवायचे म्हणजे ट्रॅक्टर धरून ठेवायला दुसरं काही उरत नाही, आणि गिअरमध्ये ठेवून भागेल असं समजणं चुकीचं, कारण क्लचला हात लागला की गिअरचा धर गेलाच. बॅटरीची वायर काढली. फूटबोर्डाचे बोल्ट निघाले तेव्हा खाली अर्धा घमेलं वाळलेला चिखल निघाला. डिझेल आणि ब्रश घेऊन तासभर धुतलं तेव्हा कुठे शाफ्ट दिसला.

आणि तो हिरवा होता.

द्राक्षवाल्याला हा रंग सांगावा लागत नाही. आम्ही पावसाळ्यात बोर्डो हे बुरशीवरचं औषध मारतो, शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. वारा उलटा असला की ब्लोअरचा फवारा पुढे येतो आणि ट्रॅक्टरवर निळा थर बसतो. बोर्डो कालवल्यावर त्यात कोयत्याचं पातं बुडवून बघायची जुनी रीत आहे. पातं लाल झालं तर त्यावर तांबं चढलं, म्हणजे चुना कमी पडला, अजून घाला. ही परीक्षा आम्ही पानं भाजू नयेत म्हणून करतो. घाईत एखादी टाकी तशीच जाते. असा चुना कमी पडलेला बोर्डो लोखंड खातो, हे आम्हाला कोयत्यावर दिसतं आणि ट्रॅक्टरखाली दिसत नाही.

रिटर्न स्प्रिंगा काढायला पक्कड वापरू नका. माझी सटकली आणि स्प्रिंग पुतण्याच्या कानाजवळून गेली. मग जाड तारेचा फास केला, स्प्रिंगच्या आकड्यात अडकवला आणि ओढला. अलगद निघाली. रॉडच्या टोकाच्या पिना काढल्या तर त्यांना मधोमध कंबर आली होती. बाहेरून गोल, आत घासून बारीक. ब्रेकचा तो हिसका इथूनच येत होता. नव्या पिना तालुक्याला चाळीस रुपयांना एक मिळाल्या.

सर्क्लिप (पेडल शाफ्टवर अडवून धरणारी कडी) काढूनही क्लचचं पेडल जागचं हलेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी लाकडाचा ठोकळा लावून ठोकलं, तेव्हा गंजाचा भुगा सांडत सांडत एकेक सूत सरकलं. रोल पिन मात्र माझ्या उतावीळपणामुळे फसली. हाताशी होता तो बारीक पंच (पिन ठोकून काढायचा दांडा) घेऊन ठोकला. तो पिनच्या पोकळीत शिरला आणि पिनचं तोंड फुलून भोकात घट्ट बसलं. मग तालुक्याला जाऊन पिनच्या मापाचा पंच आणला, तोवर दुपार. त्याच दुपारी बायकोने विचारलं, "ट्रॅक्टर दुरुस्त करताय का विकायला सुटा करताय?"

शाफ्ट हातात आल्यावर पुतण्याने मापं घेतली. गिअरबॉक्सखालच्या न घासलेल्या भागात २५ मिलीमीटर. क्लचच्या टोकाला एका अंगाने २३.८. उजव्या ब्रेकखाली २४.१, आणि तिथे बोट फिरवलं की पायरी लागत होती. क्लचच्या पेडलचं बुश लांबट झालेलं, अंड्यासारखं. कागदावर त्याने हिशोब मांडून दाखवला. बुशाची लांबी ४० मिलीमीटर, पेडलचा दांडा ३००. बुशात दीड मिलीमीटर ढिलाई असेल तर पेडलचं तोंड ११ मिलीमीटर हलणार. ड्रायव्हर म्हणत होता ते 'पळतंय' म्हणजे हे. त्याला व्हर्निअरची गरज पडली नव्हती.

शाफ्ट आणि तिन्ही पेडलं गोणपाटात बांधली आणि पलूसच्या बाजूला निघालो. तिकडे किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना आणला, लोखंडी नांगर घडवले, आणि त्या टापूत लेथवर हात बसलेली माणसं अजून सापडतात. मी गेलो ते एका निवृत्त टर्नरकाकांकडे. घराशेजारी पत्र्याचं शेड, त्यात एक जुना लेथ, एक ड्रिल, एक हातप्रेस.

काकांनी शाफ्ट उजेडात धरून एकदा फिरवला. मी म्हटलं, "वेल्डिंगचा थर देऊन परत टर्न करता येईल का?"

"येतंय की. पण वेल्डिंगच्या आचेनं शाफ्ट वाकणार, मग सरळ करायचा, मग टर्न करायचा. त्यापेक्षा नवा वढतो. ईएन-८ चा बार हाय माझ्याकडं."

मग त्यांनी क्लचचं पेडल उचललं, बुशात बोट घातलं, बाहेरून ग्रीस निपलकडे (ग्रीस भरायच्या तोंडाकडे) बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ग्रीस मारता का?"

"दर आठवड्याला."

"जातंय कुठं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी बुश बाहेर काढून माझ्या हातात ठेवलं. त्याला भोकच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका मेस्त्रीने हे बुश बदललं होतं. त्याने मापाचा पाईप कापून ठोकला होता, आणि निपलखाली भोक पाडायचं राहून गेलं होतं. आम्ही ग्रीसगन लावायचो, गन घट्ट लागायची, आम्ही समजायचो की आत ग्रीस भरलंय. आत तीन वर्षांत थेंब गेला नव्हता. पाईपही लोखंडाचा, शाफ्टही लोखंडाचा. कोरडं लोखंड लोखंडावर घासत होतं, वर मोरचुदाचं पाणी.

काकांनी बुशं गनमेटलची, म्हणजे लोखंडापेक्षा मऊ धातूची, केली. कारण विचारलं तर म्हणाले, "झिजायचं तर बुशानं झिजावं. शंभर-दोनशेचं काम. शाफ्ट झिजला की तुम्ही असं गाठोडं बांधून येणार." बुशाच्या आतून त्यांनी ग्रीस फिरायला गोल खाच पाडली. भोक मात्र पाडलं नाही. बुश आधी पेडलमध्ये प्रेसने बसवलं, आणि मग निपलच्या आट्यांना धक्का न लावता त्याच वाटेने बारीक ड्रिल आत उतरवलं. "आधी भोक पाडून मग बसवायला गेलं की भोक फिरतंय. असं केलं की चुकायचं म्हटलं तरी चुकत न्हाई."

प्रेसने बसवताना बुश थोडं आवळलं जातं, त्यामुळे नवा शाफ्ट आत जाईना. मला वाटलं माप चुकलं. काकांनी रिमर (भोक मापात आणायचं हत्यार) लावून दोन-तीन हातांत बोअर मोकळा केला, कीस फुंकला, तेलाचं बोट फिरवलं आणि शाफ्ट सोडला. शाफ्ट स्वतःच्या वजनाने हळूहळू, अगदी दमाने, खाली उतरला. पुतण्या ते दोनदा परत करायला लावून बघत बसला. शाफ्ट २४.९८, बुश २५.०५, असं त्याने वहीत लिहून घेतलं.

रोल पिनच्या दोन भोकांपैकी त्यांनी पेडलकडचं एकच पाडून दिलं. लिव्हरकडचं भोक ट्रॅक्टरवर बसवून, दोन्ही ब्रेकची पेडलं एका उंचीला धरून मगच पाडा, असं बजावलं. बुशं, शाफ्ट, मजुरी मिळून २,४०० रुपये झाले. चहा त्यांच्याकडचाच.

बसवायला अर्धा दिवस लागला, काम खरं तर दोन तासांचं. सगळं बसलं, स्प्रिंगा लागल्या, शेवटची सर्क्लिप 'टक्' करून खाचेत गेली, मी हात पुसले आणि पंच्यावर एक वॉशर पडलेला दिसला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. क्लचचं पेडल आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तो वॉशर. तो नसता तर पेडल आत सरकून परत घासलं असतं. पुन्हा स्प्रिंग, पुन्हा पिन, पुन्हा सर्क्लिप.

ग्रीसगन लावली. तिसऱ्या दाबाला बुशाच्या दोन्ही कडांनी ग्रीसचं पांढुरकं कडं बाहेर आलं. आठ वर्षं ग्रीस मारतोय, पण बुशाला कडं फुटतं हे मी त्या दिवशी मुद्दाम वाकून बघितलं.

मग उरलं रॉडचं काम, ज्यात मी स्वतःला तरबेज समजत होतो. ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका आठ वर्षांत पहिल्यांदा उघडली. क्लचच्या पेडलला मोकळी चाल २० ते ३० मिलीमीटर हवी. पेडल हाताने हलकेच दाबत जायचं, जिथे जड लागतं तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. माझ्या आवळाआवळीने ते जवळपास शून्यावर आलं होतं. म्हणजे पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) क्लचच्या बोटांना टेकून फिरत होतं, इंजिन चालू असेपर्यंत सतत. वर पेडल पत्र्याला अडकून पूर्ण परत येत नव्हतं. ब्लोअर भरलेला असताना चढाला जो जळका वास यायचा आणि जो मी औषधाचा समजायचो, तो क्लच प्लेटचा होता. रॉड मोकळा करून चाल २५ वर आणली.

ब्रेकचं एवढ्यावर भागत नाही. दोन्ही पेडलांची चाल सारखी हवी, आणि पकडही सारखी हवी. चाल पट्टीने जुळवली, पकड मात्र चालवल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, जोडपट्टी लावून हळू वेगात ब्रेक दाबला. ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला. डाव्याचा रॉड अर्धा आटा सैल केला. पुन्हा दाबला, तरी किंचित डावीकडेच. पाव आटा. मग धुरळ्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या घसटीच्या खुणा सारख्या लांबीच्या उमटल्या. उजव्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अजून जीव आहे, पण डाव्याइतका नाही. हजार-दीड हजार वळणांचा हिशोब मला इथे सुचला. आता एका फवारणीला डाव्या कडेने आणि दुसऱ्या फवारणीला उजव्या कडेने सुरुवात करायची, असं ठरवलंय. ड्रायव्हरला ते फारसं पटलेलं नाही, त्याची सवय मोडते.

जोडपट्टीबद्दल मात्र मी आता कुणाचं ऐकत नाही. बागेतून रस्त्यावर येताना पट्टी लागलीच पाहिजे. रस्त्यावर जोरात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो. आमच्या पट्टीचं भोकही झिजलं होतं, धक्क्याने निसटायची. काकांनी न सांगता त्यात एक बुश बसवून दिलं होतं. घरी आल्यावर दिसलं.

छाटणी ठरल्या दिवशी झाली. पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं) झालं, वेलीचे डोळे फुगले, आणि पोंग्यात पहिली फवारणी आली. मी बांधावर उभा राहून वरचं तोंड बघत होतो. ड्रायव्हरने उजवा ब्रेक दाबला, ट्रॅक्टर फिरला, ब्लोअर अँगलपासून हातभर लांबून गेला. टाकी संपल्यावर तो खाली उतरला. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"पेडल बरं झालंय," तो म्हणाला. "पण क्लच दाबला की आतनं चिमणी वरडतीया."

ते रिलीज बेअरिंग. दोन वर्षं टेकून फिरलेलं, ते बाहेरून काही करून गप्प बसणार नाही. त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, आणि एकदा फोडला की प्लेटही बदलून घेतलेली बरी. मेस्त्रीने अंदाजे नऊ हजार सांगितलेत. माल उतरला आणि एप्रिलची खरड छाटणी उरकली की तारीख घ्यायची आहे. तोवर वळणावर पाय हलका ठेव, असं ड्रायव्हरला सांगितलंय.